नावाआधीचं अक्षर

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणायची. वाद्यं करणाऱ्या माणसात हा मोठाच दोष. लाकूड वाट बघायला लावतं, सरस वाट बघायला लावतो, पॉलिशचा एक हात वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही, आणि मी आपला दर दहा मिनिटांनी उठून स्टँडवर चहा पिऊन येणार. जुन्नरच्या पेठेत तीस वर्षं दुकान चालवलं ते बसून नव्हे, उठून-बसून. आता दुकान बंद आहे, हातही थोडा कापतो, पण एका जागी बसवत नाही ते नाहीच. हे लिहिताना तीनदा उठलो. तिन्ही वेळा चहा नको होता.

लोकांना वाटतं, वाद्य करून घ्यायला येणारा माणूस आधी सुराचं बोलत असेल. छे! सूर शेवटी. आमच्या भागात वीणा, पेटी, तुणतुणं यांची ऑर्डर द्यायला आलेला माणूस आधी नाव सांगतो. कोणाचं नाव घालायचं, कुठं घालायचं, अक्षर केवढं पाहिजे. मग रंग. मग नक्षी. एका भजनी मंडळाची नऊ माणसं वीणेवर मोर की हंस यासाठी माझ्या दुकानात दुपारभर भांडली होती. शेवटी मी दोन्हींच्या मधला एक पक्षी काढून दिला. मोरवाल्यांना तो मोर वाटला आणि हंसवाल्यांना हंस. त्या वीणेचा आवाज कसा आहे हे मात्र त्यांनी मला आजवर सांगितलेलं नाही.

आणि नाव तरी कसं? आपल्याकडे नाव उघडंबोडकं ठेवायची पद्धत नाही. पोराच्या नावाआधी चि., पोरीच्या आधी कु., लग्न झालं की सौ., कर्त्या माणसाला श्री., आणि माणूस गेला की कै. देवळाला वीणा द्यायची ती बहुधा कोणीतरी गेल्यावरच. त्यामुळे मी कोरलेल्या दहा नावांतली आठ तरी 'कै.'ची. हाताला इतकी सवय झाली होती, की नाव कोरायला बसलो की पटाशी आधी आपोआप तेच अक्षर काढायची. बायको म्हणायची, "तुमच्या हाताला जित्या माणसाचं वावडं आहे."

घोडेगावचे एक आजोबा तर स्वतःच आले होते स्वतःच्या नावाची वीणा करून घ्यायला. म्हणाले, "आधी कै. टाक."

मी म्हटलं, "आजोबा, तुम्ही तर समोर उभे आहात."

"आज उभा हाय. उद्या आडवा हुईन. माझी पोरं लई चिकट, मी गेल्यावर टाळाची जोडीबी द्यायची न्हाईत देवळाला. तू टाकून ठेव, राव. पुढंमागं लागायचंच हाय."

मी टाकलं. त्यानंतर सात-आठ वर्षं ते आजोबा दर एकादशीला ती वीणा गळ्यात घालून भजनाला उभे राहायचे. छातीवर स्वतःचं नाव, कै. सकट. गावानं पहिल्या वर्षी हसून घेतलं, मग कोणाला त्याचं काही वाटेना.

हे हसण्यावारी गेलेलं. आता जे सांगतो ते तसं गेलं नाही.

दोन हजार साल उलटून पाचेक वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. डिंगोऱ्याचा दत्तू दुकानात आला. चाळिशी ओलांडलेला, कांदे-टोमॅटो करणारा कष्टाळू गडी. त्याचा धाकटा भाऊ बबन. बारावीला नापास झाला, मुंबईला हॉटेलात लागला, तिथून एका एजंटानं त्याला कुठल्या परदेशी बोटीवर स्वयंपाक्याच्या हाताखाली चढवलं. कागदपत्रं धड नव्हती. दोन-तीन वर्षं त्याची पत्रं आली आणि मग बंद झाली. एजंटाच्या खोलीला कुलूप. तेव्हापासून कोणी बोटीवरून सुट्टीला आलंय असं कानावर आलं, की दत्तू भाकरी बांधून मुंबईला जायचा आणि बंदरावर माणसं गाठून विचारत फिरायचा. काही कळायचं नाही. परत यायचा. अशा पाच खेपा झाल्या होत्या.

"मिस्त्री, एक ईना करायची हाय," तो म्हणाला. "देवळाला द्यायची. बबनच्या नावानं. बारा वर्सं झाली."

बारा वर्षं काहीच पत्ता नसला, की माणूस गेला असं धरतात. त्याच्या नावानं पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी देतात, दिवस करतात, आणि मागं राहिलेल्यांची सुटका होते. तशी पद्धत आहे.

"घाई न्हाई केली मी," दत्तू म्हणाला. मी काही न विचारताच तो सांगत होता. "पर पोरीचं लगीन ठरलंय. पत्रिका छापाया गेलो तर प्रेसवाला इचारतो, काकाच्या नावाआधी काय टाकू? श्री. टाकू का कै. टाकू? मला सांगता येईना. म्हणलं, थांब, उद्या सांगतो. त्याला दोन आठवडं झालं. मिस्त्री, मला एकदा काय ते कळू द्या. न्हाई तर ठरवू तरी द्या."

त्याचे डोळे भरले होते. मी वहीत लिहिलं : 'वीणा. कै. बबन हरिभाऊ.' आणि उठून चहा सांगायला गेलो.

पुढच्या बाजाराच्या दिवशी त्याची आई आली. हौसाबाई. सत्तरीच्या घरातली, ताठ चालणारी. बसायला सांगितलं तर आधी दुकानातली सगळी वाद्यं नजरेनं मोजून घेतली आणि मग बसली. कमरेची पिशवी सोडून एक फोटो माझ्यापुढं धरला.

"ईना नको. माझ्या बबननं कदी ईना वाजिवली न्हाई. हे करा."

फोटोत पांढऱ्या शर्टातला एक हसरा पोरगा बोटीच्या कठड्याला टेकून उभा होता. हातात गिटारीचं पिल्लू म्हणावं असं काहीतरी. चार तारा, एवढंसं पोट, आखूड मान.

"काय आहे हे?" मी विचारलं.

"उकलेली," ती म्हणाली.

"काय?"

"यु-कु-ले-ले." एकेक अक्षर तिनं खडा ठेवावा तसं ठेवलं. "मला म्हणाया येत न्हाई. उकलेलीच म्हणा."

मी पंचवीस वर्षं तारांच्या वाद्यात काढलेली, पण मला ते नाव ठाऊक नव्हतं. डिंगोऱ्याच्या म्हातारीला कसं ठाऊक, हा प्रश्न मनात आला आणि तसाच निघून गेला. बबननं पत्रात लिहिलं असेल, असं धरून चाललो. वाद्याचं नाव उकलेली, पण मला मात्र पुढचे दीड महिने काही उकलेना.

दत्तू दोन दिवसांनी तणतणत आला. "आईनं काय याड काढलंय ह्ये? देवळात त्या छोट्या गिटारीला कोन इचारतो?" मग खाली मान घालून म्हणाला, "करा. तिच्या मनासारखं करा. पर नाव तेवढं रीतसर टाका. वहीत लिवलंय तसं."

वीणेचं माप मला पाठ. याचं माप कुठून आणायचं? फोटोतल्या बबनचा पंजा हाच एक आधार. हौसाबाईनं आपला हात फोटोजवळ ठेवला. "त्याचा हात माझ्यावर गेलाय. लांब बोटं, रुंद पंजा. माझ्या हातानं मोजा." मी तिची वीत घेतली, तिची बोटं घेतली आणि त्यावरून सगळं वाद्य काढलं. तीन वितींत बसलं.

लाकडाचं विचारलं तर म्हणाली, हलकं पाहिजे, त्याला जड उचलायचा कंटाळा. माझ्या माळ्यावर आहुप्याकडच्या एका माणसाकडून घेतलेली शिवणीची फळी होती, बरीच वर्षं वाळत पडलेली. शिवण हलकी आणि बोलकी. तिच्या पातळ पट्ट्या काढून पाण्यात भिजवल्या, तापलेल्या लोखंडी पाइपवर हळूहळू वाकवल्या. पहिल्या दोन तडकल्या. हे काम घाई करणाऱ्याचं नाही, आणि मी तर त्यातला मेरुमणी. तिसरी पट्टी वाकवताना मी स्वतःलाच दोरीनं स्टुलाला बांधून घ्यावं असं वाटत होतं. मान सागाची केली, खुंट्या शिसवाच्या. तारांना तिनं फोटोत बोट दाखवून सांगितलं, "ह्या चमकत न्हाईत, म्हंजी लोखंडाच्या न्हाईत." बाईची नजर! मग मी मासे धरायची तंगूस आणली, दोन जाडीची.

ती दर बाजाराला यायची. मी प्रश्न काढून ठेवलेले असायचे, कारण धंद्याचा नियम असा, की गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय काही ठरवायचं नाही. वाद्य आपण करतो, पण राहतं ते त्याच्या घरात.

"रंग तांबूस देऊ?"

"नुसतं पॉलिश द्या. फोटूत लाकूड दिसतंय."

"तारा कशा बांधू? फोटोत त्यानं डाव्या हातानं छेडलंय."

"डावराच हाये. शाळंत मास्तरनं लई मारलं, पर न्हाई सुधारला."

मी तारांचा क्रम उलटा केला. तिचं प्रत्येक वाक्य 'हाये'वर संपायचं. दत्तूचं प्रत्येक वाक्य 'व्हता'वर. एकाच घरातली दोन माणसं, एकाच माणसाबद्दल बोलणारी. मला त्या दोन शब्दांमध्ये उभं राहून अवघडल्यासारखं व्हायचं. एखाद्या बाजाराला ती यायच्या आधीच मी उठून स्टँडवर जाऊन यायचो.

पोटाला मधोमध भोक असतं, आवाज बाहेर यायला. फोटोत नेमका बबनचा हात त्यावर. भोकाभोवती काही नक्षी आहे का, दिसत नव्हतं. मी माझी नमुन्यांची वही काढली. वेल, कमळ, सूर्य, सेल्युलॉइडची पांढरी फुलं. "हाताखाली काय असेल ते तुम्हीच ठरवा, हौसाबाई. कोणाला कळणार आहे?"

तिनं वही मिटली. "दिसत न्हाई तिथं कायबी घालायचं न्हाई. तिथं त्याचा हात हाये."

मी भोकाभोवती एक रेघसुद्धा मारली नाही.

आमचं भांडण झालं ते टवक्यावरून. वाद्य जोडून झालं होतं, पॉलिशचे पहिले हात दिले होते. तिनं ते उचललं, उलटं केलं आणि मागच्या कडेला, तळाशी बोट टेकवलं. "हितं टवका पाडा. नखाएवढा."

"काय म्हणता?"

"टवका हाये तिथं."

"फोटोत पाठ कुठं दिसतेय?"

"दिसत न्हाई. पर हाये. तुमी पाडा."

तोवरच्या पंचवीस वर्षांत मी लोकांच्या कितीतरी खोडी ऐकल्या. नव्या वाद्याला स्वतःच्या हातानं टवका पाड असं मला कोणी म्हटलं नव्हतं. मी तडकलो. म्हणालो, "उद्या कोणी बघितलं तर म्हणेल मिस्त्रीला धड कड घासता येत नाही. माझी अब्रू आहे काही!"

ती शांतपणे म्हणाली, "तुमची अब्रू आमच्या घरात कोन बघाया येतंय?"

मी पाडला. मागं वळून, तिला दिसू नये अशा बेतानं पाडला आणि पॉलिश ओढून दिलं. राग दोन दिवस गेला नाही.

राहिलं नाव. सगळं विचारलं मी तिला. लाकूड, रंग, तारा, भोक. नावाचं विचारलं नाही. का नाही विचारलं, हे मी नंतर स्वतःला शंभर वेळा विचारलं. खरं उत्तर असं, की विचारायला भीती वाटली. दत्तूनं सांगून ठेवलेलं आहे, वहीत लिहिलेलं आहे, अशी मी पळवाट काढली. एका सकाळी मान पुढ्यात घेतली, खुंट्यांच्या खालच्या सपाट जागेवर पेन्सिलनं ओळ मारली. डोक्यात दुसरंच काहीतरी चाललं होतं. पटाशी चालायला लागली आणि सवयीनं पहिलं अक्षर निघालं ते निघालं. मग बबन. 'हरिभाऊ'ला जागा पुरेना म्हणून तेवढ्यावरच थांबलो. फुंकर मारली, तेल लावलं. अक्षर सुबक आलं होतं. त्याचा आनंदसुद्धा झाला, काय सांगू!

त्या दिवशी बाजार होता. हौसाबाई आली. मी वाद्य तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं पोटावरून हात फिरवला, मागचा टवका बोटानं चाचपून बघितला, मान हलवली. मग नाव दिसलं. तिनं वाद्य उजेडाकडे धरलं आणि ओठ हलवायला लागली.

तिला वाचता येतं हे मला माहीत नव्हतं.

"क ला दोन मात्रा," ती म्हणाली, "कै."

मी उभा राहिलो.

"ह्यो शबुद मला येतो, मिस्त्री. घरातल्या समद्या भांड्यांवर हाये. मालकांच्या नावाआधी."

मी काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. चुकलं म्हणालो. हाताची सवय म्हणालो. दत्तूनं सांगितलं होतं असंही म्हणालो, जसं काही त्यानं माझी चूक कमी होणार होती. आत्ता रंधा मारून काढतो, नवीन मान करून देतो, पैसे नकोत, काही नको. तिच्या पाया पडायला वाकलो तर तिनं हातानं थांबवलं.

"बसा आदी. एका जागी बसत जावा जरा."

मी बसलो.

"चुकलं न्हाई तुमचं," ती म्हणाली.

पेठेत एवढी गर्दी, बाहेर मिरचीवाल्यांचा ओरडा, आणि मला तिचं ते एकच वाक्य ऐकू येत होतं.

मग तिनं सांगितलं, हळूहळू, मांडीवरच्या त्या वाद्याला थोपटत. बबनची पत्रं यायची तेव्हा वाचून दाखवायला दत्तूची नाही तर शेजारच्या पोरीची मनधरणी करावी लागायची. गावात प्रौढांचा साक्षरता वर्ग निघाला तशी ती जायला लागली. बबनचं पत्र स्वतः वाचायचं, एवढ्याचसाठी. वाचायला आलं तोवर बबनची पत्रं थांबली होती. तिनं आयुष्यात स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेलं पहिलं पत्र बबनचं नव्हतंच. त्याच्या बोटीवरच्या एका कोकणातल्या पोराचं होतं. पोस्टमननं तिच्याच हातात दिलं, घरात दुसरं कोणी नव्हतं. चुलीपुढं बसून तिनं ते अख्खी सकाळ एकेक अक्षर लावत वाचलं.

"ताप आला म्हन. चार दिसांत गेला. तिकडंच कुटल्या तरी बंदरावर त्याला माती दिली. त्याची उकलेली पेटाऱ्यावरनं पडली, टवका उडाला, ती त्या पोराकडंच ऱ्हायली. समदं लिवलंय. बारा वर्सं झाली त्या पत्राला."

"दत्तूभाऊला...?"

"न्हाई. कुणालाच न्हाई. दत्तूला सांगितलं आसतं तर त्यानं तेराव्याला गाव जेवू घातलं आसतं आन् संपलं. दुसऱ्या दिशी माझ्या घरात बबन 'व्हता' झाला आसता. आता 'हाये'. जेवताना म्हणत्यात, बबनला भरीत आवडतंय. आवडतंय म्हणत्यात, मिस्त्री. मला तेवढंच ऐकू येतं."

मला रडू आवरेना. ती रडली नाही. तिचं बारा वर्षांपूर्वी एकटीनं रडून झालं होतं.

"आता हे अक्षर काढा," ती म्हणाली. "आन् तुमच्या तोंडातनं कदी जाऊ देऊ नका." तिनं माझा हात उचलून त्या वाद्यावर ठेवला. मी शब्द दिला.

'कै.' मी तासून काढलं. तिथं लाकूड जरा खोलगट झालं. नाव राहिलं नुसतं 'बबन'. मी चि. घालू का म्हणून विचारलं. ती नको म्हणाली. हाक मारते तसंच राहू द्या म्हणाली. सूर कसे लावायचे ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. मी आपले वीणेसारखे लावून दिले. तिनं डाव्या हाताच्या बोटानं एकदा छेडलं, पदरात गुंडाळलं आणि गेली.

आठ दिवसांत दत्तू दुकानात. त्याच्या चेहऱ्यावर मी कधी न बघितलेला उजेड.

"मिस्त्री, कै. का न्हाई घातलं?"

"जागा पुरली नाही," मी म्हणालो.

"खोटं नका बोलू. आईनं घालू दिलं न्हाई ना? मला वाटलंच. तिला आतून कायतरी वाटत आसंल. आईचं काळीज खोटं सांगत न्हाई." आणि मग, "पत्रिकंत श्री. छापतो. दिवस न्हाई करायचं आता. परत एकदा मुंबईला जाऊन येतो."

मी पटाशीला धार लावत बसलो. धार होती तिला.

त्यानंतर तो दोनदा मुंबईला गेला. दोन्ही वेळा रिकाम्या हातानं आला. पहिल्या खेपेहून आला तो बारीक होऊन, खोकत. मी बायकोला सांगितलं नाही, कोणालाच सांगितलं नाही. दत्तू दुकानासमोरून गेला की मी मागच्या दारानं बाहेर पडायचो. शब्द दिला होता, हे खरं. पण शब्द पाळताना माणसाला बरं वाटतं म्हणतात, तसं मला एक दिवसही वाटलं नाही.

दोन-तीन वर्षांनी हौसाबाई गेली. तिचे दिवस झाल्यावर दत्तू दुकानात आला. हातात आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी. त्यानं ते पुढ्यात ठेवलं आणि म्हणाला,

"मिस्त्री, ह्या युकुलेलेवर एक अक्षर घालायचं ऱ्हायलंय."

इतकी वर्षं त्यानं त्याला छोटी गिटार म्हटलं होतं. तो शब्द त्याच्या तोंडून ऐकला आणि मला कळलं, पत्र सापडलं. हौसाबाईला हा शब्द पहिल्याच दिवशी त्याच पत्रातून आला होता, हेही तिनं सांगूनसुद्धा मला खरं त्याच क्षणी उमगलं.

त्यानं खिशातून कागद काढून दाखवला. घड्यांवर फाटलेला. "तिच्या ट्रंकंत, तळाला. तारीख बघा. पंधरा वर्सं." त्यानं कागदाची परत घडी घातली. "ह्या पत्रानंतर सात खेपा मुंबईला गेलो मी. सातबी खेपंला पहाटं उठून आईनं भाकरी बांधून दिली. कंची चटणी देऊ म्हणून इचारायची. तिला म्हाईत व्हतं, मिस्त्री. भाकरी थापताना तिला म्हाईत व्हतं. आता मी रागवू कुणावर?"

मी मान पुढ्यात घेतली. तासलेल्या जागी लाकूड पातळ झालं होतं, जोर देता येत नव्हता. त्या एका अक्षराला मला तासभर लागला आणि त्या तासात मी एकदाही उठलो नाही. नाव तेच, अक्षर तेच, जागाही तीच. दत्तूनं त्यावरून बोट फिरवलं, लुगड्यात परत गुंडाळलं. पायरीवर जाऊन वळला.

"आई तुमच्याकडं येऊन बसायची. तुमाला कदी कायतरी बोलली का?"

"नाही, दत्तूभाऊ," मी म्हणालो.

दत्तूभाऊ दिवाळी अंक वाचत नाही. त्याची मुलगी वाचते, आणि ती त्याला वाचून दाखवील. म्हणून लिहितो आहे. तोंडावर सांगायचं धाडस मला आजही नाही.

दत्तूभाऊ, त्या सातांतल्या शेवटच्या दोन खेपा माझ्या आहेत. मला माहीत होतं. सातव्या खेपेला तुम्ही सकाळी जुन्नरच्या स्टँडवर मुंबईच्या गाडीची वाट बघत बसला होता, मांडीवर भाकरीचं फडकं होतं. मी नेहमीसारखा चहाला आलो होतो. मला मागं फिरता आलं नाही, तुम्ही हाक मारलीत. मी तुमच्या शेजारी बसलो, तुम्हाला चहा पाजला. गाडी लागली तेव्हा तुमची पिशवी मीच वर दिली, आणि खिडकीशी उभा राहून म्हणालो, "जाऊन या, दत्तूभाऊ. ह्या खेपेला कायतरी कळंल."